पश्चिमेची भिंत

घर गळायला लागलं की लोकांना माझी आठवण व्हायची, एरवी नाही. घोडनदीच्या बाजारात मला 'गळतीवाला उस्मान' म्हणत. नवं घर बांधायचं असेल तर पुण्याकडचा मिस्त्री, नक्षीची कमान काढायची तर नगरचा कारागीर, आणि त्या दोघांनी करून ठेवलेल्या शहाणपणातून पाणी ठिबकायला लागलं की, "जा रे, त्या उस्मानला बोलवा." वैद्याला लोक निदान हात तरी जोडतात. मी दारात उभा राहिलो की मालकाच्या कपाळाला आठी पडायची, जणू पाऊस मीच पिशवीत घालून आणलाय.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगितलं आहे. गमती आहेत, लिहितो. पण मी रागीट माणूस आहे हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवलेला नाही, आणि का निवला नाही ते पुढे कळेलच.

आमच्या शिरूर-दौंड भागात पाऊस थोडा. त्यामुळे घराला पावसापासून राखायचं असतं, हेच निम्म्या लोकांच्या ध्यानात नसायचं. "हितं काय कोकण लागून गेलंय व्हय, मिस्त्री?" हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. अहो, कोकणातला माणूस सावध असतो. तो उतरती छपरं करतो, पावसाळ्याआधी भिंतींना झावळ्यांच्या झडपा बांधतो. बुडतो तो आमच्यासारखा, ज्याला वाटतं की पाऊस येणारच नाही.

आमची घरं धाब्याची. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या काटक्या, त्यावर पाला, पाल्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती चोपून बसवलेली. ही माती भिजली की फुगून घट्ट होते आणि पाणी खाली सोडत नाही. उन्हाळा संपता संपता तिचा नवा थर द्यायचा, छताला नकळत उतार ठेवायचा, आणि कडेला पन्हळी बसवायच्या, म्हणजे छतावरचं पाणी भिंतीपासून लांब जाऊन पडेल. भिंती मातीच्या, चांगल्या दोन हात जाड. उन्हाळ्यात बाहेर डोकं फुटायची वेळ आली तरी आत गारवा, आणि थंडीत आत ऊब. मातीच्या भिंतीसारखी माया सिमेंटच्या भिंतीला नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. फक्त तिचं डोकं आणि पाय कोरडे ठेवावे लागतात. तेवढं केलं की ती तुमची नातवंडं पाहते. नाही केलं की बसते, आणि बसताना आत कोण आहे हे पाहत नाही.

हे शास्त्र मी आजोबांकडून शिकलो. ते चुना मळायच्या घाणीवर कामाला होते. मी मराठी सातवी पास झालो तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता, आणि मी मास्तर न होता छपरावर चढलो तेव्हा तेवढंच दुःख.

आता गंमत. घोडनदीच्या पेठेत एक कापडवाले शेठ होते. दुकानाला पुढून पत्र्याचं छपर. त्यांचं दुकान गळायचं ते नेमकं धोतरजोड्यांच्या फळीवर. मला बोलावलं. मी छपरावर गेलो आणि दोन मिनिटांत खाली आलो. शेठनी दिवाळीला दुकानावर भलीमोठी पाटी लावली होती, नाव मोठ्या लाल अक्षरांत. ती पाटी वाऱ्यानं हलू नये म्हणून सुताराने पत्र्याला भोकं पाडून खिळे ठोकले होते. पाणी तिथून शिरायचं, आडव्या वाशावरून सरकत सरकत मागे जायचं आणि धोतरांवर पडायचं. आमच्या धंद्यात पहिली शिकवण हीच की पाणी जिथे ठिबकतं तिथे ते शिरलेलं नसतं. मी म्हणालो, "शेठ, पाटी उतरवा, भोकं बुजवतो, मग पाटी भिंतीवर लावू." शेठना घाम फुटला. "भिंतीवर? मग ती एस.टी. स्टँडवरून दिसणार कशी?" शेवटी काय केलं असेल त्यांनी? धोतरांची फळी हलवली. पाटी तिथेच, गळती तिथेच. पुढे कित्येक पावसाळे त्या दुकानात गिऱ्हाइकांना उजव्या अंगाने चालायला सांगत.

दुसरी गंमत दौंडची. तिथल्या रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्स मला फार आवडायच्या. जाड भिंती, उंच छत, आणि चारही अंगांनी नाही तरी निदान दोन अंगांनी व्हरांडा. व्हरांडा ही काही खुर्ची टाकून बसायची जागा नव्हे. बसतात लोक, पण तो असतो ऊन आणि पाऊस भिंतीला शिवू नये म्हणून. तिथल्या एका गार्डसाहेबांकडे पाहुण्यांचा राबता फार. त्यांनी व्हरांडा बांबूच्या तट्ट्यांनी बंद केला, तट्ट्यांवर डांबर फासलं, आणि तिथे मेहुण्याची खोली केली. मग उन्हाळ्यात मला निरोप, की घर भट्टीसारखं तापतंय, छताला काही तरी झालंय, येऊन बघा. मी गेलो, बघितलं आणि म्हणालो, "साहेब, छताला काही झालेलं नाही. मेहुण्याला काही होतंय का ते बघा." डांबराच्या त्या काळ्या कोंडवाड्यात तो बिचारा लाल होऊन पडला होता. गार्डसाहेब हसले, मला चहा पाजला, पण तट्टे काही काढले नाहीत. मेहुण्याला घरी पाठवणं जास्त अवघड होतं असं दिसतं.

झाल्या गमती. आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते लिहितो.

आमच्याकडे घराचं तोंड पूर्वेला. शुभ असतं म्हणून, आणि सकाळचं ऊन दारात येतं म्हणून. चांगलंच आहे. पण मग घराची पाठ कुठे येते? पश्चिमेला. आणि आषाढ-श्रावणातली झड येते कुठून? पश्चिमेकडूनच. म्हणजे ज्या भिंतीवर सगळा मारा, ती मागची भिंत. आता खर्च बघा. घडीव दगड पुढे, चुना पुढे, रंग पुढे. मागे कच्ची माती, तीही कुणाला वेळ झाला तर सारवलेली, आणि तिला टेकून उकिरडा. बरं, मागे राहतं कोण? पुढच्या सोप्यात पुरुष, पाहुणे, गाद्या-तक्के. मागे चूल, न्हाणी, आणि कोपऱ्यात बाळंतिणीची खोली. वारं लागू नये म्हणून तिचा झरोकासुद्धा चिंध्यांनी बुजवलेला. घरातला सगळ्यात नाजूक जीव, दोन दिवसांचा, चार दिवसांचा, तो आपण घरातल्या सगळ्यात ओल्या भिंतीशी नेऊन ठेवत होतो. पिढ्यान्‌पिढ्या. आणि मूल गारठून गेलं की म्हणत होतो, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं. गारठा कुठून आला हे विचारायला कुणी भिंतीला हात लावून पाहिला नाही.

साठ सालाच्या मागेपुढे ही गोष्ट घडली. भीमेकाठचं एक मोठं गाव, ऊस-गूळवाल्यांचं. गावाचं नाव सांगत नाही, आणि मालकांचंही नाही. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणतो. जमीनजुमला भरपूर, शब्दाला वजन. सिमेंट परमिटवर मिळायचं तो काळ. आप्पांनी कुठून तरी परमिट मिळवून घराच्या दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, दारावर कमान काढली होती आणि कमानीवर समोरासमोर दोन मोर. काम कुण्या बाहेरच्या कारागिराचं. मोर चांगले होते, खोटं कशाला बोलू.

श्रावणात झड लागली आणि मला निरोप आला की कमानीतून पाणी गळतंय, ताबडतोब या, घरात बारसं आहे. मी आणि माझा जोडीदार किसन, आम्ही एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि चिखल तुडवत गावात गेलो. सोप्यात आप्पा आणि गावातली दोन-तीन वजनदार माणसं बसली होती.

"मिस्त्री, तेवढं कमानीचं बगा," आप्पा म्हणाले. "लेकीच्या सासरचं पाव्हनं दौंडहून यायचंत. जावई रेल्वेत हाय. शोभा व्हायला नको."

मी वर धाब्यावर गेलो आणि माझं डोकंच फिरलं. पुढच्या अंगाच्या सगळ्या पन्हळी गोणपाट कोंबून वरून सिमेंटनं बंद केल्या होत्या. पन्हळीचं पाणी नव्या गिलाव्यावर ओघळलं तर डाग पडतील ना. म्हणून छताचा उतारच उलटा करून सगळं पाणी मागे वळवलं होतं. थोडं पाणी पुढे तुंबून कमानीत मुरत होतं, तेवढीच आप्पांना दिसलेली गळती. बाकीचं अख्ख्या छताचं पाणी मागच्या काठावरून सरळ पश्चिमेच्या भिंतीवर चाललं होतं. त्या बाजूला पुरती पन्हळसुद्धा नव्हती.

मी किसनला घेऊन मागे गेलो. ज्याची भीती होती तेच दिसलं. भिंतीनं पोट काढलं होतं. ओळंबा सोडायची गरजच नव्हती, तरी सोडला. मधल्या फुगीर जागेला दोरी टेकली आणि खाली भिंतीपासून वीतभर लांब लोंबत राहिली. पायाशी उकिरडा, त्यात पाणी साचलेलं. भिंत वरून भिजत होती, खालून भिजत होती आणि झडीनं तोंडावर भिजत होती. धो धो पाऊस मातीच्या भिंतीवरून पळून जातो. झड तिच्यात मुरते. मी तळहात लावला तर हात आत गेला.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. झरोक्याच्या चिंध्यांमागून.

"कोन हाय भाईर?"

"मी उस्मान मिस्त्री, घोडनदीचा. तू कोण गं?"

"मी शालन. आप्पांची धाकटी."

"तू आत काय करतीस?"

"बाळंत झालीया न्हवं, मामा."

मला वाटलं होतं, अशा भिंतीशी जळण असेल, अडगळ असेल, बाळंतिणीला दुसरीकडे ठेवली असेल. मी झरोक्याजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "आतून भिंत ओली आहे का?"

"वली? चिखुल हाय निस्ता."

"कुठवर?"

"मी बाजंवर बसले की डोस्क्याच्या वर जाती."

"माती पडती का?"

"रातच्याला पडती. आई म्हनती उंदरं हायती. मामा, उंदरं न्हाईत. उंदरं असती तर दिसली नसती व्हय?"

मी खोलीत जाऊ शकत नव्हतो. बाळंतिणीच्या खोलीत परपुरुष कसा जाणार? आणि ती बाहेर येऊ शकत नव्हती. सोयर फिटेपर्यंत बाळंतिणीनं खोली सोडायची नाही, कारण बाहेर यायचं तर वाट माजघरातून, आणि माजघरात देव. म्हणून झरोक्याच्या चिंध्यांमधल्या पाऊण बोटाच्या फटीतून आम्ही बोलत होतो. मी तिला म्हणालो, "पोरी, बाज दाराकडे सरकव." ती म्हणाली, खोलीत जागा न्हाई, पल्याड शेगडी आन् मोरी हाय.

मी तसाच चिखलाच्या पायांनी सोप्यात गेलो. "आप्पा, कमान राहू द्या. पोरीला आत्ता त्या खोलीतून काढा. मागची भिंत आज-उद्या बसणार."

आप्पांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग सोप्यातल्या माणसांकडे. "सोयर फिटल्याबिगर ती कशी यील? देवापुढनं न्यायची का तिला?"

"देव काय भिंत धरून ठेवणार आहेत का?" मी बोलून गेलो. माझ्या तोंडून ते जायला नको होतं, त्यातून मी मुसलमान. सोप्यातली माणसं सावरून बसली. पण आप्पा चिडले नाहीत. ते हसले, आणि ते हसणं मला शिवीपेक्षा लागलं.

"मिस्त्री, ती भिंत माज्या आज्यानं बांधलीया. तवापासनं उभी हाय."

"आज्यांनी बांधली तेव्हा पाणी पुढे पडायचं, आप्पा. तुम्ही ते मागे वळवलंत. मोरांसाठी."

"आवो, मोरांचं काय म्हनून बोलताय? तुमी कमानीचं बगा. बायकांचं बायका बगत्यात."

बायकांचं बायका बघतात! बांधायचं पुरुषांनी, खर्च ठरवायचा पुरुषांनी, पाणी कुठे वळवायचं ते पुरुषांनी, आणि ते पाणी ज्यांच्या अंगावर पडतं ते त्यांचं त्यांनी बघायचं. थोड्या वेळानं आप्पा जेवले आणि त्या माणसांना घेऊन चावडीवर निघून गेले. कसली तरी सोसायटीची बैठक होती.

मी मागे येऊन भिंतीपुढे उभा राहिलो. शालनची आई परसात शेणाची पाटी घेऊन आली. त्यांना मी काकू म्हणायचो. डोक्यावरचा पदर न ढळू देता त्या म्हणाल्या, "मिस्त्री, खरंच पडंल का वो?"

"पडेल, काकू."

"माजी समदी लेकरं हितंच झाली."

मी रागात होतो, म्हणून विचारू नये ते विचारलं. "आणि जगली किती?"

काकूंनी पाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दोन गेली. गारठ्यानं." आणि एकदम, जणू स्वतःशीच, "देवापुढनं न्हेता येत न्हाई. पर मागनं न्हेली तर?"

मला आधी कळलंच नाही. काकूंनी बोटानं दाखवलं. खोलीची दक्षिणेची भिंत बैलांच्या गोठ्याला लागून होती. गोठ्यावर त्याच साली नवे पत्रे घातले होते. त्या पत्र्यांमुळे ती भिंत ठणठणीत कोरडी. हो, बैल कोरडे होते. हे मला तेव्हाच दिसलं आणि अंगाची लाही लाही झाली, पण बोलण्यात वेळ घालवला नाही. उंबरा ओलांडायचा नाही, माजघरातून जायचं नाही, देवाला शिवायचं नाही. भिंतीतून जाऊ नये असं मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळी बाळंतपणं त्या खोलीत काढलेल्या बाईलाच ते सुचलं.

धाब्याच्या घराची एक सोय असते. छताचा भार खांबांवर असतो, भिंतीवर नाही. म्हणून भिंतीला वाट पाडली तरी छत खाली येत नाही, खांब तेवढा सांभाळावा लागतो. मी खांब ठोकून पाहिला, चांगला होता. वर आडवी फळी सारली आणि किसननं पहार घेतली. हळूहळू, हातानं माती ओढत, कारण जोरात घाव घातला तर हादऱ्यानं पश्चिमेची भिंत आत यायची. बैल माना वळवून बघत होते. आरपार भोक पडलं तेव्हा पहिल्यांदा आतून धुरीचा वास आला, मग दोन हात बाहेर आले, आणि त्या हातांत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. काकूंनी ते घेतलं. मग वाट मोठी झाल्यावर घोंगडी पांघरून शालन बाहेर आली. मी आणि किसन तोंड फिरवून उभे राहिलो. ती बैलांच्या शेजारी कडब्यावर बसली आणि म्हणाली, "हितं किती ऊब हाय गं, आई."

खोली रिकामी झाल्यावर मी आत गेलो. भिंत मधोमध फाकली होती, बाहेरचं अंग बाहेर फुगलेलं, आणि त्या अंधाऱ्या खोलीत तिचं आतलं अंग बाजेवर झुकलं होतं. तशीच सोडली असती तर रात्री बसताना माजघराचा कूड घेऊन बसली असती. म्हणून मी आणि किसननं आतून पहारी लावून ती बाहेर उकिरड्यावर ढकलली. ढकलली म्हणायचं आपलं. बोट लावल्यासारखी गेली. मग मी धाब्यावर जाऊन पुढच्या पन्हळींतले सिमेंटचे गोळे फोडले. तुंबलेलं पाणी गिलाव्यावरून धावलं, मोरांच्या पिसाऱ्यावरून लाल चिखलाचे ओघळ गेले. मला बरं वाटलं. लपवत नाही.

चावडीवरून आप्पा धावत आले. "बापजाद्याची भिंत पाडली माजी! आरं, उभी भिंत पाडली!"

मग सोप्यात माझा निवाडा झाला. ती वजनदार माणसं एकेक करून मागे जाऊन आली. त्यांना काय दिसणार? उकिरड्यावर ओल्या मातीचा ढीग. एक जण म्हणाला, पावसाळ्यात समद्यांच्याच भिती वल्या असत्यात. दुसरा म्हणाला, "ती पडलीच असती हे कशावरनं, मिस्त्री?"

कशावरून! सांगा, काय उत्तर देऊ? पडली असती तर माझं खरं ठरलं असतं, आणि लेकरू गेलं असतं. लेकरू वाचलं, म्हणून मी खोटा. आमच्या धंद्याचं हेच दुखणं आहे. डॉक्टरनं ताप उतरवला की लोक त्याचा फोटो लावतात. जे पडलंच नाही, भिजलंच नाही, मेलंच नाही, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं असतं? उलट 'चांगली भिंत पाडणारा मिस्त्री' म्हणून माझं नाव त्या गावात झालं. मांडवगणापासून दौंडापर्यंत बाजारात ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली जायची. मला त्या गावातून पुन्हा निरोप आला नाही. बारसं थाटात झालं म्हणे. मोर धुऊन पुसून पुन्हा रंगवले होते.

मी मात्र पुढे जिथे जिथे काम घेतलं तिथे आधी मागे जायचो. मालक म्हणायचा, "गळती पुढं हाय," मी म्हणायचो, "बाळंतिणीची खोली दाखवा." काहींनी हाकलून दिलं. काहींनी हसून का होईना मागच्या भिंतीला पन्हळ लावून घेतली, उकिरडा हलवला. पण मला स्वतःलाच रात्री-बेरात्री वाटायचं, की खरंच पडली असती का ती? का मी रागाच्या भरात कुणाची उभी भिंत पाडली? ओळंबा मी पाहिला होता, हात आत गेलेला मला आठवत होता. तरी गावभर माणसं तेच तेच बोलायला लागली की आपल्या डोळ्यांवरचा विश्वासही ढिला होतो.

काही वर्षांनी दौंडला बाजाराच्या रस्त्यात एका बाईनं हाक मारली. मी ओळखलं नाही. कसं ओळखणार? मी तिचा आवाज ऐकला होता, चेहरा नीट पाहिला नव्हता. ती म्हणाली, "मामा, मी शालन." सोबत शाळेच्या खाकी चड्डीतला मुलगा. नाकातून शेंबूड वाहतोय, पण छाती चांगली भरलेली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

घरचं विचारलं. ती म्हणाली, आप्पांनी मागची भिंत नंतर दगडाची बांधून घेतली, चुन्यात, वर लांब पन्हळी. "आता समद्या घरात कोरडी खोली ती."

"चांगलं झालं," मी म्हणालो. "मग आता घरात कुणी बाळंत झाली तर ती तिथेच ना?"

"न्हाई वो. तितं बियानाची पोती ठिवत्यात. बियानाला वल लागाय नको म्हनून. वैनीला गोठ्याम्होरल्या छपरात ठिवली हुती."

माझा पारा चढला, पण रस्त्यात कुणावर ओरडणार? मग मी तिला ते विचारलं जे इतकी वर्षं मनात होतं. घरात एकच साक्षीदार होता आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "शालन, खरं सांग. ती भिंत पडली असती का गं? का मी उगाच पाडली?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मला वेडबीड लागलंय की काय अशा नजरेनं.

"मला कशापायी इचारता, मामा? मी तर रातच्याला झोपतच नव्हते. लेकराला दारापाशी भुईवर निजवायची आन् मधी भितीला पाठ लावून बसायची."

"पाठ लावून? त्या ओल्या भिंतीला?"

"व्हय. पडली तर आदी माज्यावर पडंल म्हनून."

एवढं बोलून ती भाजीच्या पाटीकडे वळली आणि मिरच्यांचा भाव करायला लागली. वाकताना तिनं एक हात कमरेवर दाबून धरला होता. तेव्हापासून पाठ धरती, पावसाळ्यात जास्तीच, असं ती मिरच्या निवडता निवडता सहज बोलून गेली.